निरोगी नमुना

रेघ वर गेली तेव्हा त्याला आधी वाटलं, आपण भलत्याच रेघेकडे बघतोय. पडद्यावर चोवीस पानांच्या चोवीस रेघा होत्या. रोगट पानाची रेघ थोडा वेळ तळाशी सरपटते आणि मग चढायला लागते. निरोगी पानाची शेवटपर्यंत आडवी पडून राहते. चोविसातलं एक पान मुद्दाम निरोगी घ्यायचं असतं, बाकीच्यांना ताडून बघायला. प्रयोगशाळेत त्या पानाला सगळे 'शहाणा' म्हणत. शहाणा झोपलेला असला की समजायचं, यंत्र ठीक आहे, औषधं ठीक आहेत, आपला हात ठीक आहे, आता बाकीच्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. आणि आज बुधवारी, डबा खाऊन झाल्यावर, समोरच्या इमारतीला रंग देणारे लोक परांचीवर झोपाळ्यासारखे लटकत असताना, शहाणा उठून बसला होता. नुसता बसला नव्हता, सगळ्यांच्या आधी उठला होता.

"तुझा शहाणा बिघडला की रे," शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. या बाई पाचाच्या ठोक्याला पर्स उचलत, म्हणून त्यांचं नाव घड्याळबाई पडलं होतं, आणि ते त्यांना माहीतही होतं. "कुठलं पान घेतलं होतंस?"

"घरचं."

"घरचं म्हणजे?"

"वडिलांच्या बागेतलं. मागच्या आठवड्यात गेलो होतो तेव्हा आणलं."

"मग तुझा हात बरबटला असेल. पुन्हा लाव."

पुन्हा लाव. हे दोन शब्द ऐकून त्याला इतकं बरं वाटलं की त्याने घड्याळबाईंना चहा पाजला. आपला हात बरबटला असेल, ही कल्पना त्याला पोटभर जेवल्यासारखी आवडली. सोळा वर्षांत त्याचा हात एकदाही बरबटला नव्हता. साहेब नव्या पोरांना त्याचं टेबल दाखवत आणि म्हणत, असं काम पाहिजे. त्या टेबलावर बसून तो दुसऱ्यांच्या वेलींचे आजार सांगत असे. लोक नवी बाग लावायच्या आधी पानं पाठवायचे आणि तो दोन ओळींत उत्तर द्यायचा: आहे किंवा नाही. 'आहे' लिहिलेल्या कागदावर कुठेतरी कुणाची तरी बाग उपटली जाते हे त्याला माहीत होतं. पण कागद खिडकीतून खाली जाई, टपालाच्या गाडीत बसे, आणि पुढचं त्याच्या डोळ्यांसमोर होत नसे.

त्याने सगळं धुतलं, पुसलं, नवे हातमोजे घातले. पिशवीत उरलेली वडिलांची पानं काढताना पहिल्यांदाच त्याने त्यांच्याकडे पान म्हणून पाहिलं. देठाशी पान जितकं आत वळायला हवं तितकं वळलेलं नव्हतं. उघड्या पंख्यासारखं सपाट पसरलं होतं, कडेला दाते जास्त, शिरा एकमेकींजवळ ओढलेल्या. असली पानं तो रोज बघत होता. कुणी दुसऱ्याने ही समोर टाकली असती तर त्याने यंत्राशिवाय सांगितलं असतं. कॉलेजात पहिल्या वर्षी सरांनी फळ्यावर द्राक्षाचं निरोगी पान काढलं तेव्हा त्याला ते चुकलेलं वाटलं होतं, हे आता त्याला आठवलं. सरांची चित्रकला कच्ची आहे, असं तो तेव्हा मित्राला म्हणाला होता. पान कसं असतं हे तो घरून शिकून आला होता ना. दर सुट्टीत तो त्या वेलींमधून फिरला, त्यांच्या सावलीत झोपला, त्यांची पानं तोडून त्यावर भाकरी ठेवून जेवला. पण घरच्या माणसाचा चेहरा कुणी तपासायला बसत नाही.

ती बाग एका उतारावर होती. वडिलांच्या मते जगातलं जे काही चांगलं होतं ते त्या उताराने केलं होतं. सकाळचं ऊन आधी तिथे येतं, खालच्या सपाटीवर तासाभराने. गार हवा रात्री पाण्यासारखी खाली वाहून जाते, वेलीच्या पायाशी साचत नाही. जमिनीत माती कमी आणि दगड जास्त, म्हणून मुळाला खाली शोधत जावं लागतं. "आरामात वाढलेल्या वेलीची वाइन आरामातल्या माणसासारखी असते," वडील म्हणायचे, "बोलायला गोड आणि लक्षात काहीच राहत नाही." त्यांच्या वाइनला लांबून लोक येत. घडात मोठे मणी चार आणि मिरीएवढे बारके चाळीस. रस थोडा, साल भरपूर. म्हणून ती गडद, घट्ट, आणि घोट गेल्यावरही जिभेवर रेंगाळणारी. शहरातून एक चाखणारे गृहस्थ आले होते, ते पिंपाजवळ पेला घेऊन दहा मिनिटं गप्प उभे राहिले. वडिलांनी ती दहा मिनिटं जन्मभर पुरवली. पाहुणा कोणीही येवो, विषय कुठलाही असो, ते गृहस्थ आमच्या कोठीत दहा मिनिटं गप्प उभे राहायचेच.

आणि काका म्हणायचे, उतार बितार काही नाही, सगळी काडीची करामत आहे. द्राक्षाची बी कुणी लावत नाही. आवडलेल्या वेलीची काडी कापायची आणि रुजवायची. म्हणजे तीच वेल पुन्हा, दुसऱ्या जागी. तिसऱ्या ओळीत एक जुनी वेल होती, तिला घरात सगळे म्हातारी म्हणत. बारक्या मण्यांचे घड आधी फक्त तिलाच यायचे. काकांनीच ते हेरलं होतं, आणि दोघा भावांनी मिळून हळूहळू अख्खा उतार म्हातारीच्या काड्यांनी भरला होता. तोवर सगळं छान होतं. मग एकदा जेवताना ते चाखणारे गृहस्थ कुणामुळे गप्प उभे राहिले, जागेमुळे की काडीमुळे, असा विषय निघाला. वडील म्हणाले, जागा माझी निवड. काका म्हणाले, वेल माझी निवड. शब्दाला शब्द वाढत गेला, आई दोघांच्या ताटांमध्ये आमटीचं भांडं धरून उभीच राहिली, आणि त्या हिवाळ्यात काका म्हातारीच्या दोनशे काड्या ओल्या गोणपाटात गुंडाळून ओढ्यापलीकडच्या सपाटीवर राहायला गेले. इतक्या क्षुल्लक गोष्टीवरून घर फुटलं असं सांगितलं तर लोक हसतात. तोही कधीकधी हसायचा. पण बागवाल्यांना ठाऊक आहे, याहून मोठी गोष्ट त्यांच्याकडे भांडायला नसते.

पाच वर्षांनी काकांकडून एक बाटली आली. चिठ्ठी नाही, काही नाही. तो तेव्हा एकोणीस वर्षांचा, सुट्टीवर आलेला. वडिलांनी टेबलावर दोन पेले ठेवले आणि त्याला पाठमोरं उभं केलं, मग वळायला सांगितलं. "चाख. आपली कुठली?" त्याने डावा पेला चाखला, उजवा चाखला, पुन्हा डावा. त्याला काही फरक कळेना. तोच गडदपणा, तोच रेंगाळणारा तुरटपणा, जणू एकाच भांड्यातून ओतलेली. त्याने वडिलांकडे पाहिलं. ते डाव्या पेल्याकडे बघत नव्हते, इतकं बघत नव्हते की त्याने डावीकडे बोट दाखवलं. वडिलांनी उजवा पेला उचलून मोरीत ओतला. "पाणी घातल्यासारखी लागते," ते म्हणाले, आणि त्या दिवशी ते इतके आनंदात होते की संध्याकाळी त्यांनी आईला फिरायला नेलं. त्याने मात्र तेव्हाच ठरवलं की असं शिक्षण घ्यायचं ज्यात बोट दाखवावं लागणार नाही. यंत्र सांगेल. एक दिवस दोघांना समोर बसवून कागद ठेवायचा: ही बघा, जागा, ही बघा, काडी, आता जेवायला चला. तो शिकला, नोकरीला लागला, आणि तो कागद कधी केलाच नाही. दोघांपैकी एक हरला असता. काका मागच्या वर्षी गेले. त्यांची बाग त्यांच्याआधी दोन वर्षं मरायला लागली होती. पानं पिवळी, घड विरळ, वेली एकापाठोपाठ एक वठत गेलेल्या. वडील म्हणाले, काडीत दम असता तर जगल्या असत्या. त्यांच्या स्वतःच्या तिसऱ्या ओळीत म्हातारीभोवती वेली वठून दर वर्षी रिकामा गोल मोठा होत होता, त्याबद्दल ते म्हणायचे, उताराचंही आता वय झालं.

गुरुवारी दुसरी चाचणी झाली. रेघ तिथेच उठली. पानाचा हा आजार जुना आणि प्रसिद्ध होता, त्याच्या पुस्तकात त्यावर अख्खं प्रकरण होतं. विषाणू वेलीत शिरतो, फुलं नीट धरत नाहीत, मणी बारके आणि विरळ राहतात. रस कमी, साल जास्त. पहिली बरीच वर्षं वाइन चांगली, कधीकधी फारच चांगली. मग वेल खचत जाते. काडी कापून लावली की विषाणू काडीतून जातो. आणि जिथे एकदा आला तिथे मातीतले सूत्रकृमी, डोळ्यांना न दिसणाऱ्या किडी, त्याला एका मुळावरून दुसऱ्या मुळावर नेतात. वेली उपटल्या, जाळल्या, तरी जमीन दहा-दहा, पंधरा-पंधरा वर्षं शुद्ध होत नाही. हे सगळं त्याने परीक्षेत लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आता ते वाचताना त्याला वाटलं, कुणीतरी आपल्या घराचं वर्णन घराचं नाव न घेता केलं आहे. चाखणारे गृहस्थ गप्प उभे राहिले ते जागेमुळे नाही आणि वेलीमुळेही नाही. म्हातारी आजारी होती म्हणून. दोघं भाऊ तीस वर्षं एका तापासाठी भांडले, आणि तो ताप दोघांनी आपापल्या हाताने वाढवला.

मशीनचा पंखा चालू होता तेवढ्यात फोन वाजला. काकांची मुलगी होती. लहानपणी एका जागी दोन क्षण उभी राहत नसे म्हणून तिला घरात भिंगरी म्हणत. आता चाळिशीला आली तरी नाव तेच राहिलं होतं. काका गेल्यावर तिने सपाटीवरची बाग उपटून टाकली आणि वरच्या अंगाला नवी जमीन घेतली, जिथे आजवर कुणी द्राक्ष लावलं नव्हतं. आणि मग एक दिवस ओढा ओलांडून त्याच्या वडिलांच्या दारात जाऊन उभी राहिली. मोठे काका, म्हातारीच्या काड्या द्या. त्याची आई नंतर सांगत होती की वडील कात्री आणायला आत गेले आणि बराच वेळ बाहेरच आले नाहीत.

"दादा, शनिवारी येतोस ना?" भिंगरी म्हणाली. "सगळी रोपं शनिवारी लावतेय."

"सगळी?"

"सातशे. मोठे काका स्वतः येणार आहेत. गुडघा धरून का होईना, पण येणार म्हणालेत. मोठी काकू तर दोन दिवस डबे भरतेय." ती हसली. "आणि तू सांगितलं होतंस ना, तस्संच केलं हं. धुतलेल्या वाळूत वाढवली रोपं. एका कणाचीसुद्धा माती लागू दिलेली नाही. सगळे हसतात मला, म्हणतात दवाखाना काढलाय."

"भिंगरे..."

"काय?"

पंखा फिरत होता. तो म्हणाला, "शनिवारी काम आहे गं जरा." आणि ती म्हणाली, "तुझं कायमच काम असतं, त्या पानांशी लग्न लावून टाक आता एकदाचं," आणि फोन ठेवला.

त्याने का सांगितलं नाही याचा त्याने पुढचे दोन दिवस हिशेब मांडला आणि दर वेळी तो बरोबर आला. दोन चाचण्या म्हणजे खात्री नव्हे. नियम तीनचा आहे. तिसऱ्यासाठी पानं नव्याने कुटायला हवीत, त्याला शनिवार दुपार होणार. आणि समजा शनिवारी सकाळी रोपं लागलीच, तर काय झालं? रोपं उपटता येतात. वाळूत वाढलेली आहेत, मुळाला माती नाही, मातीतली कीड नाही. तिची जमीन कोरी आहे आणि कोरीच राहील. सातशे रोपं गेली तर वर्ष जाईल. पण जमीन राहील, दुसरी काडी लावता येईल. उलट आज अर्धवट सांगितलं आणि तिसरी चाचणी कोरी आली तर? वडिलांच्या आणि तिच्या मधे हे एवढंसं जे नव्याने धरलंय ते आपण उगीच मोडलं असं होईल. एक दिवसाने काय बिघडतं. तो हे घरी बायकोशी बोलला नाही. तिने विचारलं तर म्हणाला, कामाचा कंटाळा आलाय. रात्री तो गाढ झोपला, आणि सकाळी दाढी करताना त्याला स्वतःची किळस आली, कारण तिसऱ्या चाचणीत काय येणार हे त्याला बुधवारीच समजलं होतं. तो खात्री करत नव्हता. खात्रीच्या आडोशाला बसला होता. सोळा वर्षं ज्या गुणासाठी साहेब त्याचं टेबल दाखवत होते, तो गुण नव्हताच कदाचित. भित्रेपणालाच हातमोजे घातलेले होते.

शुक्रवारी साहेबांनी जाता जाता विचारलं, "शहाण्याचं काय झालं?" नोंदवहीत एक रकाना असतो, त्यात 'नमुना दूषित, रद्द' लिहिलं की विषय संपतो. त्याने पेन काढलं. रद्द लिहिलं असतं तर म्हातारी आणखी दहा वर्षं उभी राहिली असती, वडील तिच्याखाली बसून पाहुण्यांना दहा मिनिटांची गोष्ट सांगत मेले असते, आणि भिंगरीच्या वेलींना चौथ्या वर्षी बारके मणी धरले असते. लोक लांबून आले असते. मग वीस-पंचवीस वर्षांनी पानं पिवळी. त्याने रकान्यात लिहिलं, 'पुन्हा तपासणी चालू', आणि वही मिटली.

शनिवारी प्रयोगशाळेत तो एकटाच होता. समोरच्या इमारतीचा रंग पूर्ण झाला होता आणि ती पूर्वीपेक्षा वाईट दिसत होती. सव्वातीनला रेघ उठली. त्याने तिच्याकडे बघितलंही नाही फारसं, ओळखीच्या माणसाने दार उघडल्यासारखं मान हलवली आणि फोन लावला. भिंगरीने तो उचलला तेव्हा मागे माणसांचा गलका होता, भांड्यांचा आवाज, कुणीतरी मोठ्याने हसत होतं. एकतीस वर्षांत त्याच्या कुटुंबात एवढे लोक एकावेळी हसल्याचं त्याला आठवत नव्हतं.

"झालं बघ सगळं!" ती ओरडूनच बोलत होती. "सातशेच्या सातशे. तू हवा होतास रे. मोठ्या काकांनी काय केलं माहितीये?"

"भिंगरे, आधी ऐक माझं."

"नाही, तू आधी ऐक. पहाटे ट्रॉली घेऊन आले. ट्रॉलीत माती. उताराची, म्हातारीच्या पायाशी खणलेली. मला म्हणाले, काडी तुझ्या बापाची, माती माझी, आता दोघं काय भांडायचं ते इथे भांडू देत. प्रत्येक खड्ड्यात एकेक ओंजळ घातली. प्रत्येक! गुडघा दुखतोय, मी म्हटलं आम्ही टाकतो, तर ऐकतायत कुठे? सगळे रडत होते रे. मीसुद्धा."

तो उभा होता. खुर्ची मागे आहे हे त्याला माहीत होतं, पण ती किती मागे आहे ते कळेना. सातशे ओंजळी. काल सांगितलं असतं तर. परवा सांगितलं असतं तर. रोपं उपटता येतात. ओंजळ उपटता येत नाही. आजवर कुणी द्राक्ष न लावलेल्या त्या जमिनीच्या दर दोन-तीन पावलांवर आता ती कीड होती, आणि पुढच्या पंधरा वर्षांत तिथे काही लावायचं असेल तर द्राक्ष सोडून काहीही.

"बाबांना दे फोन," तो म्हणाला.

फोन हातातून हातात गेला, कुणीतरी "तुमचा मुलगा" म्हणालं, मग वडिलांचा दमलेला, खूश आवाज आला. "बोल राजा. सांगितलं का तिने तुला?"

"बाबा, जरा बाजूला या. लोकांपासून लांब."

"का रे? आईला बरं आहे ना? आई तर इथेच आहे."

"या बाजूला."

त्याने पावलं ऐकली, गुडघ्यामुळे एक जड, एक हलकं. मग गलका कमी झाला. मग त्याने सांगितलं. दोन ओळींत सांगायची त्याला सवय होती, पण त्याने दोन ओळींत सांगितलं नाही. म्हातारीपासून सांगितलं, बारके मणी का बारके होते ते, पान पंख्यासारखं का होतं ते, काडीतून काय गेलं आणि मातीतून काय जातं ते. बुधवारी कळलं होतं, हेही सांगितलं. वडिलांनी मधे एकदाही तोडलं नाही. त्यांनी तोडावं, शिव्या द्याव्यात, यंत्र मोरीत टाक म्हणावं, असं त्याला वाटत होतं.

"म्हणजे जागेचं काहीच नव्हतं?" वडील म्हणाले.

"थोडं असेल, बाबा. पण ते जे होतं, ज्यासाठी लोक यायचे, ते नाही."

"हं. आणि काडीचं? काडीचंही नव्हतं ना?"

"नाही."

"म्हणजे तोही चुकला होता."

"हो, बाबा. काकाही."

वडिलांनी श्वास सोडला. त्या श्वासात समाधान होतं. त्याने ते स्पष्ट ऐकलं, जन्मभर विसरता येणार नाही इतकं स्पष्ट. आणि त्याच्या पाठोपाठ, तोच श्वास पुरता संपायच्या आत, म्हाताऱ्याचा आवाज फुटला. "त्याला सांगायला हवं होतं रे. तो असता तर आम्ही दोघं... त्याला कोण सांगणार आता?"

काहीतरी पडल्याचा आवाज झाला. आईची हाक आली, मग पळती पावलं, मग फोन कुणीतरी मातीतून उचलला. "काय रे दादा?" भिंगरी धापा टाकत म्हणाली. "काय सांगितलंस तू त्यांना? खालीच बसलेत. माती उकरतायत हाताने, पहिल्याच खड्ड्यातली. अरे बोल ना! काय झालंय?"

त्याने खुर्ची शोधली, बसला, आणि पुन्हा म्हातारीपासून सांगायला लागला.